ज्येष्ठांचं नैराश्य: डिस्चार्जनंतरचे पहिले सहा-आठ आठवडे

शुश्रूषा

नैराश्यासाठी भरती असलेले साठी-सत्तरीपुढचे रुग्ण घरी येतात तेव्हा घरच्यांच्या हातात बहुतेक वेळा एक डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांची पिशवी आणि "पंधरा दिवसांनी दाखवा" एवढं वाक्य असतं. त्यापुढचं कुणी सांगत नाही, म्हणून हा धागा. विनंती एवढीच की इथे अनुभवकथन नको, त्यासाठी वेगळे धागे आहेत. काय विचारायचं, काय मोजायचं, काय बिघडतं आणि का, तेवढंच लिहू.

सुरुवात एका गैरसमजापासून. घरी सोडलं म्हणजे बरं झालं, असं नसतं. जेवणखाण बंद होणं, जिवाला धोका, रात्रीची तगमग एवढं भरतीत आटोक्यात येतं. मन उभारी धरायला वेळ लागतो. औषधाचा परिणाम साधारण चार ते सहा आठवड्यांत दिसतो, पण ज्येष्ठांमध्ये आठ ते बारा आठवडेही लागतात. मानसोपचार वॉर्डातून सुटल्यानंतरचा पहिला आठवडा आणि पहिले एक-दोन महिने आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. वॉर्डात चोवीस तास कुणाची तरी नजर असते, घरी ती अचानक जाते. शिवाय बऱ्याच जणांची झोप आणि अंगातली ताकद आधी सुधारते, निराशा मागाहून हटते. "आता चालायला लागले, दोन पोळ्या खाल्ल्या" म्हणून घर निवांत होतं, नेमकं त्याच वेळी नजर हवी असते.

वॉर्ड सोडण्याआधी कार्डावर लिहून घ्यायच्या गोष्टी:

- निदान, सोप्या शब्दांत. सोबत स्मरणशक्तीची तक्रार असेल तर ती तपासली का.
- औषधांची तीन कप्प्यांची यादी: नवीन काय, बंद काय, डोस बदललेलं काय. बहुतेक कार्डांवर फक्त "नवीन" असतं. घोळ उरलेल्या दोन कप्प्यांत होतो.
- पुढची तारीख. पहिली भेट सात दिवसांच्या आत मागा. भरतीचं कारण स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा विचार असेल तर ४८ तासांत निदान फोन तरी व्हायला हवा.
- कोणती रक्त तपासणी, कोणत्या दिवशी.
- रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कुणाला.

हे मागायला संकोच नको. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९८ प्रमाणे घरी सोडताना पुढच्या उपचारांची योजना रुग्णाशी, नामनिर्देशित प्रतिनिधीशी (उपचारांच्या निर्णयांत मदतीला रुग्णाने नेमलेला माणूस) आणि घरी सांभाळणाऱ्या माणसाशी बोलून ठरवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

खलबत्ता

चांगला धागा. औषधांचं मी लिहितो, दुकानाच्या काउंटरवर हेच घोळ रोज दिसतात.

घरी पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे घरातल्या सगळ्या गोळ्या एका टेबलावर काढणं. फ्रीजवरची डबी, उशाखालची स्ट्रिप, देवघराच्या खणातली "कधीतरी लागते" ती, सगळ्या. कार्डाशी एकेक जुळवा, ब्रँडच्या नावाने नाही, खालच्या बारीक अक्षरांतल्या मूळ औषधाच्या नावाने. नेहमी सापडणारे तीन प्रकार:

एक, एकच औषध दोन नावांनी. वॉर्डात एका कंपनीचं एससिटालोप्राम (नैराश्याची नेहमीची गोळी), घरी आधीच्या डॉक्टरांचं दुसऱ्या कंपनीचं. दोन्ही चालू राहतं. साठ-पासष्टीपुढे एससिटालोप्राम सहसा १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण हृदयाच्या ठोक्याची लय बिघडू शकते. दोन स्ट्रिपा मिळून नकळत २० होतात.

दोन, जोडगोळ्या. एससिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. त्यावर "झोपेसाठी" वेगळं क्लोनाझेपाम सुरूच असतं. मग पहाटे बाथरूमला जाताना तोल जातो आणि खुबा मोडतो.

तीन, दुखण्याची गोळी. गुडघा किंवा पाठ दुखते म्हणून पॅरासिटामॉल-ट्रॅमाडॉलची जोडगोळी आधीपासून चालू असते. नैराश्याच्या गोळ्यांबरोबर ट्रॅमाडॉल घेतलं तर थरथर, घाम, अस्वस्थता, कधी फिटही येऊ शकते. साधं पॅरासिटामॉल चालतं. नैराश्याच्या गोळ्यांसोबत अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) किंवा डायक्लोफेनॅक (दुखण्याची गोळी) असेल तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. डांबरासारखी काळी शी झाली तर थांबू नका.

बंद झालेल्या स्ट्रिपा "असू दे, महागाची आहे" म्हणून ठेवू नका. दुकानात परत द्या किंवा निकालात काढा.

गोळ्या सात दिवसांच्या कप्प्यांच्या डबीत भराव्यात आणि भरणारा माणूस एकच असावा. रुग्णाने स्वतः घेतली तरी कप्पा रिकामा झाला की नाही हे संध्याकाळी दुसऱ्याने बघावं. जेनेरिक घ्यायला काहीच हरकत नाही, जनऔषधी केंद्रात एससिटालोप्राम, सर्ट्रालीन मिळतं. फक्त दर महिन्याला वेगळा ब्रँड नको. गोळीचा रंग बदलला की आजी-आजोबा "ही माझी नाही" म्हणून बाजूला ठेवतात.

फॅमिलीवाला

खलबत्ता यांच्या पोस्टला +१. मी एकाच गोष्टीवर जरा लांब लिहितो, कारण ती सर्वांत जास्त निसटते: सोडियम.

एससिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटिन या गटातल्या गोळ्यांनी वयस्कर माणसांचं रक्तातलं सोडियम उतरू शकतं. बहुतेकदा पहिल्या दोन ते चार आठवड्यांत, म्हणजे नेमकं घरी आल्यावर. धोका जास्त कुणाला? बाईमाणूस, वजन कमी, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असलेले. आपल्या घरातल्या बीपीच्या गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायझाईड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापमाईड मिसळलेलं असणं अगदी नेहमीचं आहे. गोळीच्या नावापुढे 'एच' किंवा 'सीटी' असेल तर मागची बाजू वाचा.

लक्षणं फसवी आहेत. मळमळ, डोकं जड, सुस्ती, पाय लटपटणं, बोलण्यात गोंधळ. घरच्यांना वाटतं नैराश्य वाढलं, फोनवर डोस वाढवून घेतला जातो आणि सोडियम आणखी उतरतं.

म्हणून: गोळी सुरू करताना एक तपासणी, दोन आठवड्यांनी दुसरी, डोस वाढवला तर पुन्हा. १३५ ते १४५ ठीक. १३० च्या खाली गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. १२५ च्या खाली किंवा गुंगी-फिट असेल तर थेट हॉस्पिटल. आणि घरगुती उपाय म्हणून चमचाभर मीठ चारू नका. यात मीठ कमी पडलेलं नसतं, शरीरात पाणी अडून राहिलेलं असतं. "भरपूर पाणी पाजा" हाही सल्ला इथे उलटा पडतो.

दुसरी मोजायची गोष्ट उभ्याचं बीपी. पाच मिनिटं झोपवून एक रीडिंग, उभं केल्यावर एका आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर डॉक्टरांना कळवा. तोवर पलंगावर बसून मिनिटभर पाय हलवायचे, मगच उठायचं, आणि रात्री बाथरूमपर्यंत दिवा चालू ठेवायचा.

पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, क्रिएटिनिन आणि बी-१२ झालंय का ते विचारा. शाकाहारी, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) आणि वर रोजची अ‍ॅसिडिटीची गोळी, असं एकत्र असेल तर बी-१२ कमी सापडायची शक्यता बरीच असते. ते भरून काढल्याशिवाय नुसत्या मनाच्या गोळीने थकवा जात नाही.

माजघर

एक प्रश्न. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत माणूस एकदम गप्प, झोपाळू झाला, हाक मारली तर डोळे उघडतो आणि परत मिटतो. हे नैराश्यच समजायचं का?

फॅमिलीवाला

@माजघर, नाही! हे वेगळं काढून सांगायलाच हवं. नैराश्य आठवड्यांच्या हिशोबाने वाढतं. तासा-दिवसांत माणूस बदलला, सकाळी बरा आणि संध्याकाळी भ्रमिष्ट अशी वरखाली असेल, लक्ष टिकत नसेल, तर तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने मेंदूचा अचानक उडालेला गोंधळ, धरायचा. आरडाओरडा करणारा डिलिरियम सगळ्यांना कळतो. गप्प पडून राहणारा प्रकार वयस्करांत जास्त असतो आणि तो हमखास "खचलेत" म्हणून खपून जातो.

घरी करायची सोपी चाचणी: रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगा. नैराश्य असलेला माणूस कंटाळतो, "जाऊ दे ना" म्हणतो, पण जमवतो. डिलिरियममध्ये शनिवार, शुक्रवार झाल्यावर धागा सुटतो.

कारणं बहुधा शरीरात सापडतात: लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवसांची बद्धकोष्ठता, सोडियम, नवी गोळी, किंवा मेडिकलमधून परस्पर आणलेली सर्दीची गोळी. त्या सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाईन वयस्कर मेंदूला जड जातं. तीच गत अ‍ॅमिट्रिप्टिलीनची. ती जुनी, स्वस्त गोळी झोपेला किंवा पायांच्या जळजळीला दिली जाते. ज्येष्ठांत तिने लघवी अडते, तोंड कोरडं पडतं, गोंधळ होतो. संशय आला तर त्याच दिवशी तपासणी. चार दिवसांनंतरच्या ओपीडीची वाट बघू नका.

पायवाट

औषधांवर भरपूर झालं, दिवसाच्या आखणीबद्दल लिहिते.

नैराश्यात "मन लागलं की करेन" हा क्रम चालत नाही. आधी करायचं, मन मागून येतं. ही उपचाराचीच एक पद्धत आहे आणि घरी करता येते. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोनच कामं ठरवा, दहा-दहा मिनिटांची. एक हातापायाचं, एक माणसांशी जोडलेलं. लसूण सोलणं, मटार सोलणं, देवाची फुलं काढणं, कुंड्यांना पाणी, नातवाला पाढे विचारणं, दूधवाल्याचा हिशोब लिहिणं. आधी जे करत असत त्यातलंच घ्या. आयुष्यभर कारखान्यात फिटर असलेल्या आजोबांना रंगकामाची वही दिली तर ते दुखावतात. त्यांना स्क्रू ढिला झालेली खुर्ची द्या.

वेळ ठरलेली हवी. बऱ्याच जणांची सकाळ सर्वांत वाईट असते, पहाटे तीन-चारला जाग आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं. संध्याकाळकडे थोडं हलकं होतं. सकाळी सातला प्रभातफेरीचा आग्रह धरलात तर नकारच येईल. सकाळी फक्त उठणं, तोंड धुणं, कपडे बदलणं आणि बाल्कनीत किंवा ओटीवर उजेडात अर्धा तास. काम अकरानंतर. भिंतीवरच्या कॅलेंडरवर झालेल्या कामाला खूण करायची आणि ती खूण रुग्णाने स्वतः करायची. दर आठवड्याला एक काम किंवा पाच मिनिटं वाढवा. एखाद्या दिवशी जमलं नाही तर काम अर्धं करा, रद्द करू नका.

घरच्यांकडून इथे दोन चुका होतात. "तुम्ही बसा, आम्ही करतो" या प्रेमाने त्यांच्या हातातलं सगळं काढून घेतात. किंवा उलट, "मनावर घ्या जरा, तुम्हाला कमी काय आहे?" हे बोललं जातं. दुसऱ्याने जास्त नुकसान होतं, कारण "मला काही कमी नाही आणि तरी मी असा" याचीच अपराधी भावना आजारात आधीपासून असते. त्याऐवजी "आज जड वाटतंय ना, आपण दोघं पाच मिनिटं करू आणि थांबू" हे चालतं.

झोपेचं: उठण्याची वेळ रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्ध्या तासापर्यंत. रात्री नऊलाच अंथरुणावर घालू नका. आठ तास पडून पाच तास झोप म्हणजे तीन तास विचार करत पडणं. झोप आली की पलंग, अर्धा तास लागली नाही तर उठून खुर्चीत.

गोव्यात 'संगथ' या संस्थेने साठीपुढच्या, सौम्य लक्षणं असलेल्या लोकांबरोबर हेच केलं होतं. प्रशिक्षण दिलेले साधे कार्यकर्ते अडचण सोडवण्याची पद्धत आणि झोपेच्या सवयी शिकवत. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वर्षभरात पूर्ण नैराश्यात गेलेल्यांचं प्रमाण या गटात सुमारे ४ टक्के, नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात सुमारे १४ टक्के. तो अभ्यास आजार होण्याआधीच्या टप्प्यावरचा आहे, डिस्चार्जनंतरचा नाही, त्यामुळे आकडे जसेच्या तसे इथे लावू नका. पण पद्धत घरात बसते: एकच अडचण नाव घेऊन ठरवायची (उदा. "ओपीडीला जाताना रिक्षात चढता येत नाही"), चार उपाय कागदावर लिहायचे, त्यांनीच एक निवडायचा, करून बघायचा, आठवड्याने त्यावर बोलायचं.

प्रभातफेरी

एवढं सगळं करण्यापेक्षा चार माणसांत न्यावं, भजनाला, हास्य क्लबला, ज्येष्ठ नागरिक संघात. घरात बसूनच माणूस कुजतो.

पायवाट

@प्रभातफेरी, न्यायचंच आहे, प्रश्न कधी हा आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लक्ष टिकत नाही, आवाज सहन होत नाही. वीस जण "काय झालं होतं? इतके दिवस दिसला नाहीत?" विचारतात. एकदा असं झालं की पुढचे दोन महिने माणूस उंबरठा ओलांडत नाही. आधी एक ओळखीचा माणूस घरी, पंधरा मिनिटं. मग त्याच्याबरोबर चौकापर्यंत. मग संघात, सुरुवातीला शेवटची वीस मिनिटं. विचारलंच तर काय सांगायचं ते वाक्य आधी ठरवून ठेवा: "तब्येत बरी नव्हती, आता सुधारतेय." त्यापुढे कुणाला काही देणं लागत नाही.

आणि ऐकू येतंय का ते आधी बघा. कानात मळ किंवा बंद पडलेलं श्रवणयंत्र, म्हणून माणूस गर्दी टाळतो. आपण त्याला निराशा समजतो.

प्रभातफेरी

पटलं. शेवटची वीस मिनिटं ही कल्पना चांगली आहे, आमच्या संघात सुचवतो.

सुगरण_नाही

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते (आहाराचं काम करते). दर आठवड्याला वजन, त्याच काट्यावर, त्याच वेळी. महिन्यात पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ५० किलोच्या आजींचं अडीच किलोहून जास्त, तर ते डॉक्टरांना सांगण्याजोगं आहे.

ताट भरून पुढे ठेवू नका, बघूनच पोट भरतं. सहा वेळा, वाटीभर. मुगाची खिचडी वरून चमचाभर तूप, मेतकूट-भात, नाचणीचं आंबील, अंड्याची भुर्जी, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, राजगिऱ्याचा लाडू दुधात कुस्करून. प्रथिनं किलोमागे दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास. किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. चहा-बिस्किटावर दिवस काढणारे पुष्कळ असतात. भूक त्यानेच मरते, चहा जेवणानंतर तासाने. कवळी सैल झाली असेल तर तेही बघा, वजन उतरलं की हिरड्याही बदलतात.

भूक आणि झोप दोन्ही गेली असतील तर डॉक्टर कधी मिर्टाझापीन ही नैराश्याचीच गोळी देतात, रात्री साडेसात किंवा पंधरा मिलिग्रॅम. त्याने भूक वाढते.

"माझं पोट सडलंय, आतडी बंद झालीत, आता पैसेही संपले" असं कुणी ठामपणे म्हणत अन्न नाकारत असेल तर तो हट्ट समजू नका. गंभीर नैराश्यात असे भ्रम होतात. पाककृती बदलून काही होणार नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना कळवायचं.

शुश्रूषा

आता जे कुणी उघड बोलत नाही ते. "देवाने आता न्यावं", "तुमच्यावर ओझं झालोय", "माझं काय, आज आहे उद्या नाही" ही वाक्यं आपल्याकडे इतकी रुळलेली आहेत की घर हसून सोडून देतं. भरतीनंतरच्या महिन्यांत सोडू नका. विचारल्याने मनात नसलेला विचार येतो ही भीती खरी नाही. विचारल्याने बहुतेकांना हलकं वाटतं. पायऱ्यापायऱ्यांनी, बाकीचे नसताना विचारा:

"बाबा, जगण्यात राम नाही असं वाटतं का?"
"झोपेतून उठूच नये असं वाटतं का?"
"स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?"
"कसं, कधी, असं काही ठरवलंय का?"

तिसऱ्याला हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टर. चौथ्याला हो आलं तर क्षणभरही एकटं सोडायचं नाही आणि थेट हॉस्पिटल. वाद घालू नका, शपथा घेऊ नका, "नातवाचा विचार करा" म्हणू नका. "बरं झालं सांगितलंत, आपण आत्ता डॉक्टरांशी बोलू" एवढं पुरे.

न बोलता दिसणाऱ्या खुणा: अचानक कागदपत्रं, बँकेची पासबुकं समजावून देणं, दागिने वाटणं, जुन्या मित्रांना निरोपासारखे फोन, आणि फार अस्वस्थ असलेला माणूस एका दिवसात विनाकारण शांत होणं. वयस्कर पुरुष, विशेषतः बायको गेलेले, फारसे बोलून दाखवत नाहीत, म्हणून त्यांच्याबाबतीत जास्त सावध.

घरात गोळ्यांचा साठा एका आठवड्यापुरता, बाकी कुलपात. शेतीची औषधं, उंदरांचं औषध, फिनेल, सगळं घराबाहेर किंवा कुलपात. किल्ली रुग्णाला ठाऊक नसलेल्या जागी.

टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाईन १४५६७. तातडीला १०८ किंवा ११२. पोलीस केस होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरू नका. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही.

बांधावरून

गावाकडची बाजू. तणनाशक-कीटकनाशक खोलीच्या कोपऱ्यात किंवा माळ्यावर ठेवायची सवय सगळीकडे आहे. नुसतं "कुलपात ठेवा" म्हणून होत नाही, फवारणीच्या दिवसांत कुलूप उघडंच राहतं. हंगामापुरतं शेजारच्या शेतकऱ्याकडे किंवा वस्तीपासून लांब शेडमध्ये ठेवायचं, आणि उरलेली अर्धी बाटली घरी आणायची नाही.

फेरतपासणीसाठी ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपर्यंत प्रत्येक वेळी जायला लागत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी काही ग्रामीण रुग्णालयांतही बसतं. कोणत्या वारी, ते आधी फोन करून विचारा. वार चुकला की पुढचा महिना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. एसटीत ७५ च्या पुढे मोफत आणि ६५ ते ७५ अर्धं तिकीट, आधार कार्ड सोबत ठेवा.

सरकारी ओपीडीत डॉक्टर दर वेळी बदलू शकतात. म्हणून एका वहीत तारीख, वजन, बीपी, झोप किती तास, चालू गोळ्या आणि एक प्रश्न, एवढं एका पानावर. डॉक्टरकडे तीन मिनिटं असतात, वही असली की ती तीन मिनिटं कामी येतात.

माजघर

शॉक दिलेले असतील तर घरी आल्यावर काही वेगळी काळजी?

शुश्रूषा

@माजघर, आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊनच ईसीटी (म्हणजे शॉक) देतात. त्याशिवाय देण्यास कायद्याने बंदी आहे. वयस्करांच्या गंभीर नैराश्यात, खासकरून खाणं सोडलेल्या आणि भ्रम असलेल्यांत, त्याचा गुण चांगला येतो. घरी आल्यावर उपचाराच्या आसपासच्या काळातल्या गोष्टी आठवत नाहीत, काही आठवड्यांत बरंचसं सुधारतं, मधल्या काही दिवसांची आठवण कायमची जाऊ शकते. "हे पण विसरलात?" म्हणून परीक्षा घेत बसू नका, एका वहीत रोजचं लिहून ठेवा. त्या काळात बँकेचे व्यवहार, सही, गॅसची शेगडी यावर कुणाची तरी नजर हवी. आणि ईसीटीने बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, सोडल्या तर काही महिन्यांत आजार उलटण्याचं प्रमाण खूप आहे.

सातासमुद्रापार

मुलं परदेशात आणि इथे आईवडील दोघंच, अशा घरांनी काय करावं?

पायवाट

इथला एक माणूस नेमा, ज्याच्याकडे औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर आणि घराची दुसरी किल्ली असेल. भाऊ, भाची, शेजारी, कुणीही, पण एकच. पाच जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जबाबदारी टाकली की ती कुणाचीच राहत नाही. रुग्णाची तयारी असेल तर कायद्याप्रमाणे नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर सहीने नेमता येतो, तो इथे राहणारा असला तर सोयीचं.

व्हिडिओ कॉल रोज ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं. "कसं वाटतंय?" ला "ठीक" एवढंच उत्तर येतं. "आज भाजी कुठली होती? खाली उतरलात का? रात्री कितीला जाग आली?" हे विचारा. आईवडिलांपैकी जो सांभाळतोय त्याच्याशी आठवड्यातून एकदा वेगळं बोला, कारण त्याचीही झोप उडालेली असते. फेरतपासणी व्हिडिओवर होऊ शकते, पण झोपेच्या काही गोळ्या तशा लिहून देण्यावर निर्बंध आहेत, त्यासाठी प्रत्यक्ष जावं लागतं.

ब्यूरोची मावशी किंवा ब्रदर ठेवणार असाल तर "लक्ष ठेवा" ही सूचना पुरत नाही. लिहून द्या: गोळी तिने काढून द्यायची की फक्त आठवण करायची, बाथरूमचं दार आतून लावू द्यायचं की नाही, कोणत्या तीन गोष्टी दिसल्या की फोन करायचा. दिवस-रात्रपाळी बदलताना वहीत दोन ओळी. आणि सगळं काम तिनेच करायचं नाही, आजोबांचा चहा आजोबाच गाळतील.

फॅमिलीवाला

सुधारणा मोजायची तर पंधरा हो-नाही प्रश्नांची ज्येष्ठांसाठीची नैराश्य प्रश्नावली वापरा, पाच किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवायचं. तिच्यात भूक-थकव्याचे प्रश्न जवळजवळ नाहीत, त्यामुळे हृदयविकार किंवा सांधेदुखी असलेल्यांत ती कमी फसवते. दोन आठवड्यांनी एकदा पुरे. रोज विचारलं तर माणूस चिडतो आणि उत्तरंही पाठ होतात.

विम्याबद्दल कुणीतरी विचारलं होतं व्यक्तिगत निरोपात: मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याचं संरक्षण द्यावं असं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या कलम २१ मध्ये आहे. दावा फेटाळला तर कारण लेखी मागा.

माजघर

शेवटचा प्रश्न, सगळ्यांच्या मनातला. बरं वाटायला लागल्यावर गोळ्या कधी बंद?

खलबत्ता

पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून किमान वर्षभर त्याच डोसवर. "बरं वाटतंय" पासून मोजायचं, डिस्चार्जपासून नाही. आधीही एकदा आजार झाला असेल तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त, ते डॉक्टर ठरवतील. बंद करताना आठवड्यांनी, कधी महिन्यांनी एकेक पायरी. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं सुरू होतं आणि घरच्यांना वाटतं आजार परत आला. झोपेची गोळी तर त्याहून हळू. ती वर्षानुवर्षं चालू असेल तर एका झटक्यात सोडल्याने फिट येऊ शकते.

शुश्रूषा

खलबत्ता यांच्या उत्तरात एक भर. डोस कमी करायला सुरुवात घरातल्या वर्षश्राद्धाच्या महिन्यात, घर बदलताना किंवा मुलगी परदेशी परत जाण्याच्या आठवड्यात करू नका. डॉक्टरांना या तारखा माहीत नसतात, तुम्हीच सांगा.